चौतिसाव्या वर्षी स्ट्रोक, आणि फाईलवर ‘कारण सापडले नाही’

ताई, तुम्ही सगळे तपशील दिलेत हे बरे केले. इतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. भाऊ ३४ वर्षांचा, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी त्याच्या उजव्या हातातून चहाचा कप निसटला आणि शब्द अडखळू लागले. एमआरआयमध्ये डाव्या मेंदूत शेजारी शेजारी दोन डाग दिसले. रक्तदाब नाही, साखर नाही, सिगारेट-तंबाखू नाही. मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर (सोनोग्राफी) नॉर्मल, हृदयाचा साधा इको नॉर्मल. शिरेतून बारीक बुडबुडे सोडून केलेल्या इकोत हृदयाच्या पडद्याला बारीक छिद्र, होमोसिस्टीन (रक्तातले एक रसायन) २८, प्रोटीन एस (गुठळी होऊ न देणारे प्रथिन) कमी. घरी सोडताना कागदावर ‘कारण सापडले नाही’ असे लिहून अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) दिले. आता मुंबईचे नातेवाईक म्हणतात छिद्र बंद करून टाका, दुसरे एक डॉक्टर म्हणतात रक्त पातळ करणारी भारी गोळी जन्मभर घ्या, आणि आई म्हणते सगळे नॉर्मल आहे तर उगाच कशाला सुया टोचायच्या. जाता जाता तुम्ही हेही लिहिलेत की आधीच्या आठवड्यात त्याची मान डाव्या बाजूने धरली होती, सलूनमध्ये केस कापताना त्याने ती झटका देऊन ‘कटकन’ मोडून घेतली होती, आणि त्या दिवसांतल्या एका फोटोत त्याचा डावा डोळा बारीक दिसतो, ‘पण झोप झाली नसेल म्हणून असेल’.

माझ्या दृष्टीने तुमच्या सगळ्या प्रश्नात ही शेवटची ओळ सर्वांत मोलाची आहे. होमोसिस्टीनचा आकडा आणि छिद्राचा रिपोर्ट तिच्यानंतर येतात. रुग्णाला न तपासता मी निदान करू शकत नाही आणि करणारही नाही. पण अशा माणसाची फाईल माझ्या ओपीडीत आली तर मी कसा विचार करतो ते सांगता येईल. मला शंका डाव्या मानेतली धमनी फाटल्याची येते, आणि त्यासाठीची तपासणी दोन-तीन महिने पुढे ढकलली तर हाती काही लागणार नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ‘कारण सापडले नाही’ या शेऱ्याबद्दल. स्ट्रोकचे प्रकार पाडण्यासाठी आम्ही १९९३ सालची ‘टोस्ट’ नावाची वर्गवारी अजून वापरतो. तिच्यात ‘कारण अनिश्चित’ असा एक कप्पा आहे आणि त्यात तीन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र टाकलेल्या आहेत. सगळ्या तपासण्या नीट झाल्या आणि काहीच सापडले नाही, ही एक. दोन कारणे सापडली आणि खरे कोणते ते ठरत नाही, ही दुसरी. आणि तपासण्या पुरत्या झाल्याच नाहीत, ही तिसरी. डिस्चार्ज कार्डावर तिन्हींसाठी शेरा एकच असतो. तुमच्या भावाच्या फाईलमध्ये मला तिसरी गोष्ट दिसते. मानेपासून कवटीपर्यंतच्या आणि आतल्या रक्तवाहिन्यांचे चित्र त्यात कुठेच नाही. डॉप्लर आहे, पण डॉप्लर मानेचा मधला भाग चांगला दाखवतो, जबड्याच्या कोपऱ्याच्या वर त्याचा हात पोहोचत नाही. तरुणांची मानेतली धमनी जिथे फाटते ती जागा नेमकी तिथेच, कवटीच्या तळाजवळ असते.

मी फाईल हातात घेतो तेव्हा रक्ताचे रिपोर्ट बाजूला ठेवून पहिल्यांदा एमआरआयची चित्रे पाहतो. रिपोर्टचा कागद पुरत नाही, प्रत्यक्ष चित्रेच हवीत. डाग कुठे आहेत यावरून गुठळी कुठून आली असेल याचा अंदाज येतो. एकाच व्हाळाचे (ओढ्याचे) पाणी गढूळ झाले असेल तर त्याच व्हाळाच्या काठाने वर जायचे; सगळेच व्हाळ गढूळ असतील तर पाऊस डोंगरावर पडला असे समजायचे. उजवीकडे, डावीकडे, मागे लहान मेंदूत असे विखुरलेले डाग असतील तर गुठळ्या बहुधा हृदयातून किंवा महाधमनीतून सुटलेल्या असतात. तुमच्या भावाचे दोन्ही डाग डाव्या बाजूला, एकाच धमनीच्या हद्दीत आहेत. हृदयातून आलेली गुठळीसुद्धा एकाच बाजूला जाऊ शकते, त्यामुळे हृदय निर्दोष सुटत नाही. पण शोध डाव्या मानेतून सुरू करायला हे पुरेसे कारण आहे.

त्यात डावी मान दुखत होती आणि डावा डोळा बारीक होता. मेंदूला रक्त नेणारी आतली कॅरोटिड धमनी मानेतून वर चढते तेव्हा तिच्या भिंतीला लगटून काही बारीक नसा जातात. पापणी वर धरून ठेवणे आणि अंधारात बाहुली मोठी करणे ही त्यांची कामे. धमनीचे आतले अस्तर फाटले की रक्त भिंतीच्या थरांत शिरते, भिंत फुगते, त्या नसा दाबल्या जातात, आणि त्याच बाजूची पापणी किंचित उतरते व बाहुली लहान राहते. पापणी पूर्ण झाकत नाही, म्हणूनच घरचे ‘दमलाय’ म्हणून सोडून देतात. अशी शंका आली की मी नातेवाइकांना मोबाईलमधले महिनाभरातले फोटो तारखेनुसार दाखवायला सांगतो. तुम्हीही तेच करा: स्ट्रोकच्या आधीचे, नंतरचे, आणि तीन-चार महिन्यांपूर्वीचे. आज संध्याकाळी खोलीतला दिवा मंद करून त्याच्या दोन्ही बाहुल्या सारख्या मोठ्या होतात का तेही पाहा. उजेडात फरक कळत नाही. या काळात त्याला डाव्या कानात नाडीबरोबर घूं-घूं असा आवाज येत होता का, हेही विचारा. या तिन्हींचे उत्तर ‘नाही’ आले तरी शंका मिटत नाही, पण ‘हो’ आले तर ती बरीच पक्की होते.

सलूनवाल्यावर मात्र लगेच राग काढू नका. मानेला झटका देण्याचा आणि धमनी फाटण्याचा संबंध आहे, यात वाद नाही. तेल लावून, मालिश करून शेवटी ‘कटकन’ मान मोडायची ही सवय गावोगावच्या सलूनमध्ये आहे, आणि माझ्या ओळखीच्या कुणालाही मी ती करून घेऊ देत नाही. पण क्रम महत्त्वाचा आहे. कित्येकदा धमनी आधीच फाटायला लागलेली असते, तिच्यामुळे मान दुखते, आणि दुखते म्हणून माणूस मान मोडून घ्यायला जातो. भावाला नीट विचारा, मान आधी धरली की सलूननंतर? शिवाय जिममध्ये जड वजन उचलणे, फुटबॉलमध्ये हेडर मारताना बसलेला दणका, दुचाकीवर गचका बसणे, जोराचा खोकला, असल्या क्षुल्लक गोष्टींनंतरही धमनी फाटते. पुष्कळांना तर काहीच आठवत नाही. मागच्या बाजूची व्हर्टिब्रल धमनी फाटली तर चित्र वेगळे असते: चक्कर, तोल जाणे, एकाचे दोन दिसणे, गिळताना ठसका. ‘गॅसमुळे चक्कर’ या नावाखाली असे रुग्ण दोन-दोन दिवस घरी राहतात.

तर करायचे काय? मानेच्या आणि मेंदूच्या धमन्यांची सीटी अँजिओग्राफी, महाधमनीच्या कमानीपासून डोक्याच्या माथ्यापर्यंत. किंवा एमआर अँजिओग्राफी, आणि तिच्यासोबत चरबीचा पांढरेपणा दाबून घेतलेली टी-वन चित्रे, ज्यांत भिंतीत साचलेले रक्त चंद्रकोरीसारखे पांढरे उठून दिसते. ही कोर पहिल्या दोन-तीन दिवसांत कधी कधी दिसत नाही, मग छान दिसते, आणि दोन-तीन महिन्यांत विरून जाते. आज तिसरा आठवडा आहे, म्हणजे अगदी योग्य वेळ. दिवाळीनंतर बघू म्हणालात तर धमनी भरून आलेली असेल, चित्र नॉर्मल येईल आणि फाईलवरचा शेरा कायमचा तसाच राहील. सीटीसाठी शिरेतून औषध द्यावे लागते, म्हणून आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) पाहतात. याहून मोठी तयारी लागत नाही.

फाटलेली धमनी सापडली तर घाबरू नका. कारणांच्या यादीत हे त्यातल्या त्यात बरे कारण आहे. बहुतेक धमन्या तीन ते सहा महिन्यांत आपोआप भरून येतात. तोवर गुठळी होऊ नये म्हणून औषध द्यायचे. अ‍ॅस्पिरिनच्या गटातले की वॉरफरिनच्या (‘भारी’, रक्त पातळ करणाऱ्या) गटातले, यावर आमच्यात वर्षानुवर्षे वाद आहे. ‘कॅडिस’ या चाचणीत २५० रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली, २०१५ साली निकाल आला, आणि पुन्हा स्ट्रोक होण्यात ठळक फरक दिसला नाही, कारण दोन्ही गटांत तो फार थोड्यांना झाला. २०२१च्या ‘ट्रीट-कॅड’मध्ये मात्र अ‍ॅस्पिरिन वॉरफरिनइतकेच चांगले आहे असे सिद्ध करता आले नाही. माझा कल असा: धमनी जवळजवळ बंद झाली असेल किंवा आत गुठळी लोंबत असेल, आणि मेंदूतला डाग मोठा नसेल, तर काही महिने रक्त पातळ करणारे औषध, नाहीतर अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल. दुसरा न्यूरोलॉजिस्ट उलट निर्णय घेईल आणि तोही चुकणार नाही. स्टेंट क्वचितच लागतो. सहा महिन्यांनी पुन्हा अँजिओग्राफी करून औषध कमी करायचे की थांबवायचे ते ठरते. जन्मभर भारी गोळी लागत नाही.

आता हृदयातल्या छिद्राकडे येऊ, कारण तुमच्या घरात खरा वाद त्यावरच आहे. पोटातल्या बाळाच्या हृदयात वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक झडप उघडी असते. जन्मानंतर ती चिकटते. सुमारे चौघांतल्या एका माणसात ती पूर्ण चिकटत नाही. म्हणजे तुमच्या वाड्यावर शंभर मोठी माणसे असतील तर पंचविसेक जणांना हे ‘छिद्र’ असेल आणि ती सगळी खुशाल आहेत. यालाच आम्ही पीएफओ म्हणतो. पायाच्या शिरेत झालेली गुठळी एरवी फुप्फुसात अडकली असती, ती खोकताना किंवा कुंथताना या फटीतून डावीकडे निसटते आणि मेंदूत जाते. असे खरोखर होते, हे मी मानतो. पण फट सापडली म्हणजे गुठळी तिच्यातूनच गेली, असे होत नाही.

यासाठी ‘रोप’ नावाचा गुणांचा तक्ता आहे. वय जितके कमी तितके गुण जास्त. रक्तदाब नाही, साखर नाही, धूम्रपान नाही, आधी स्ट्रोक नाही, डाग मेंदूच्या वरच्या पृष्ठभागावर आहे, या प्रत्येकाचा एक गुण. दहापैकी तुमच्या भावाला, डाग पृष्ठभागावर असतील तर, नऊ मिळतात. मुंबईच्या नातेवाइकांना बहुधा कुणीतरी हाच आकडा सांगितला असावा. पण हा तक्ता दुसरे कोणतेही कारण नाही हे पक्के झाल्यावरच वापरायचा असतो. मानेतल्या धमनीचे चित्र घेतलेलेच नसताना हे नऊ गुण निरर्थक आहेत.

धमन्या स्वच्छ निघाल्या, तर मात्र नातेवाइकांचे म्हणणे मी गंभीरपणे घेईन. २०१७ साली तीन मोठ्या चाचण्यांचे निकाल एकत्र आले आणि साठीच्या आतल्या, नीट निवडलेल्या रुग्णांत छिद्र बंद केल्याने पुन्हा स्ट्रोक होण्याचे प्रमाण घटते हे दिसले. त्यांतल्या ‘क्लोज’ चाचणीत छिद्र बंद केलेल्या २३८ जणांत पाच-सव्वापाच वर्षांत एकालाही पुन्हा स्ट्रोक झाला नाही. फक्त गोळ्या घेणाऱ्या २३५ जणांत १४ जणांना झाला. आकडा बोलका आहे, पण या चाचणीत मोठी गळती किंवा पडदा फुग्यासारखा हलणारा, अशाच रुग्णांना घेतले होते, हे विसरू नका. तुमच्या रिपोर्टमध्ये ‘बारीक’ एवढेच लिहिले आहे. किती बुडबुडे पलीकडे गेले, विसापेक्षा जास्त की पाच-सहा? हृदयाच्या पहिल्या तीन ठोक्यांत गेले की उशिरा? पडदा हलतो का? हे अन्ननलिकेतून केलेल्या इकोत नीट कळते. बुडबुडे उशिरा दिसले असतील तर वाट हृदयात नसून फुप्फुसात असू शकते. धमनी-शिरेची आडवाट असते, ती तारेच्या वेटोळ्याने बंद करता येते, आणि अशा घरात नाकातून वारंवार रक्त येण्याचा इतिहास पुष्कळदा सापडतो. पायाच्या शिरांचा डॉप्लर झाला का, स्ट्रोकच्या आधी लांबचा बसप्रवास किंवा पायाला प्लास्टर होते का, तेही पाहायचे. ग्रँड आयलंडकडे स्कूबा करायला जात असेल तर तेही सांगा, पाण्याखालून वर येतानाचे बुडबुडे याच फटीतून जाऊ शकतात. छिद्र बंद करणे ही मांडीच्या शिरेतून होणारी छोटी प्रक्रिया आहे, पण नंतर काही जणांना पहिल्या काही आठवड्यांत हृदयाचे ठोके अनियमित होतात. आणि घाई नाही. हा निर्णय महिन्या-दोन महिन्यांनी घेतला तरी चालतो. धमनीचे चित्र आधी.

होमोसिस्टीन २८ हा आकडा जास्त आहे, नॉर्मल साधारण १५ पर्यंत. त्याने एकट्याने चौतिसाव्या वर्षी स्ट्रोक घडवला असे मी म्हणणार नाही. बी-१२ आणि फोलेट तपासा, कमी असेल तर भरून काढा. रोज मासे खाणाऱ्या घरातही बी-१२ कमी निघते, विशेषतः कुणी वर्षानुवर्षे ॲसिडिटीच्या गोळ्या घेत असेल तर. आकडा शंभराच्या पुढे, माणूस सडसडीत उंच आणि डोळ्यातले भिंग सरकलेले असते तर गोष्ट वेगळी होती. तो जन्मजात आजार आहे. प्रोटीन एसचा रिपोर्ट तर मी बाजूलाच ठेवीन. ताज्या गुठळीच्या दिवसांत ते कमी दिसतेच, वॉरफरिननेही उतरते, आणि त्याचा संबंध मुख्यतः शिरेतल्या गुठळ्यांशी आहे, धमनीतल्या नव्हे. हजारो रुपयांचे हे पॅनेल भरती झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सर्रास काढले जाते आणि त्यातला एखादा लाल आकडा घरच्यांची झोप उडवतो. करायचेच तर तीन महिन्यांनी करा.

त्या पॅनेलमधली एक गोष्ट मात्र मी तरुणांत सोडत नाही: अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी, म्हणजे शरीराने स्वतःविरुद्धच बनवलेली, गुठळ्या घडवणारी प्रथिने. ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-टू ग्लायकोप्रोटीन या तिन्ही तपासण्या. एकदा पॉझिटिव्ह आल्या म्हणजे झाले असे नाही, बारा आठवड्यांनी पुन्हा पॉझिटिव्ह यायला हव्यात. तापानंतर, हेपरिन हे रक्त पातळ करणारे इंजेक्शन किंवा तशाच कामाच्या नव्या गोळ्या चालू असताना खोटे निकाल येतात. स्त्रियांत वारंवार गर्भपात, त्वचेवर जाळीसारखी निळसर नक्षी, प्लेटलेट कमी असणे, या खुणा विचारायच्या. हा आजार ठरला तर औषध वॉरफरिन, आयएनआर (रक्त किती पातळ झाले त्याचे माप) दोन ते तीनमध्ये. इथे नवी गोळी चालत नाही. तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णांत रिव्हारोक्साबान या अशाच एका नव्या गोळीवर जास्त गुठळ्या झाल्या म्हणून २०१८ साली एक चाचणी थांबवावी लागली होती. आणि पालेभाजीतले के जीवनसत्त्व वॉरफरिनच्या उलट काम करते, तरी तांबडी भाजी बंद करायची नसते. आठवड्याला खाण्याचे प्रमाण सारखे ठेवायचे.

बाकीची कारणे मी त्याच क्रमाने लिहीत नाही, कारण ती तुमच्या भावाला लागू आहेत असे वाटत नाही. पण हे वाचणाऱ्या एखाद्याला ती लागू असतील.

साखळीकडची एक तरुण बाई माझ्याकडे आली होती तेव्हा तिच्या डाव्या हाताचा रक्तदाब मशीन घेतच नव्हते. आधीच्या दवाखान्यात मशीन बिघडले म्हणून उजव्या हातावर मोजून काम भागवले होते. मशीन ठणठणीत होते, डाव्या मनगटाला नाडीच नव्हती. टाकायासू, म्हणजे महाधमनी आणि तिच्या फांद्यांना आलेली सूज. तिला अ‍ॅस्पिरिनने काय होणार होते? स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे लागली. म्हणून तरुण रुग्णाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय, चारही ठिकाणच्या नाड्या हाताने पाहणे ही फुकटची तपासणी मी विद्यार्थ्यांकडून आग्रहाने करून घेतो. दोन हातांच्या रक्तदाबात दहापेक्षा जास्त फरक असेल तर का, हे विचारायलाच हवे.

ताप आणि स्ट्रोक एकत्र आले की मी अस्वस्थ होतो. पावसाळ्यात आपल्याकडे ताप म्हटला की डेंग्यू, मलेरिया, लेप्टो ही नावे आधी येतात आणि ते योग्यच आहे. पण चार आठवडे येणारा-जाणारा ताप, वजन उतरणे, हृदयात आवाज, आणि मग अचानक तोंड वाकडे, अशा माणसाच्या हृदयाच्या झडपेवर जंतूंचे घर असू शकते. त्याच्या रक्ताचे कल्चर अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी, किमान तीन वेळा घ्यायचे. अर्धवट गोळ्या खाऊन आलेल्याचे कल्चर निगेटिव्ह येते आणि आम्ही अंधारात चाचपडत राहतो. इथे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन धोक्याचे आहे, उपचार म्हणजे शिरेतून चार ते सहा आठवडे अँटिबायोटिक आणि वेळ पडली तर झडपेची शस्त्रक्रिया. लहानपणीच्या सांधेदुखीच्या तापाने आकसलेली हृदयाची मायट्रल झडपही आपल्याकडे संपलेली नाही. ती आणि अनियमित ठोके असतील तर वॉरफरिनच, हे २०२२च्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीने स्पष्ट केले. डाव्या कप्प्यात मिक्सोमा नावाची साधी गाठ असली तर ती इकोत दिसते आणि शस्त्रक्रियेने काढता येते.

कॅरोटिड वेब हे नाव तुम्ही ऐकले नसेल. धमनी दुभागते तिथे मागच्या भिंतीतून आत आलेली पातळ फळी. तिच्या आडोशाला रक्त घुटमळते, गुठळी जमते, सुटते. धमनी अरुंद झालेली नसते, म्हणून डॉप्लरचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ किंवा ‘किरकोळ जाडी’ असा येतो. नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर पुन्हा पुन्हा त्याच बाजूला स्ट्रोक होत राहतात. स्टेंट किंवा शस्त्रक्रियेने प्रश्न सुटतो. तुमच्या भावाची अँजिओग्राफी झाली की रेडिओलॉजिस्टला मुद्दाम सांगा, की फाटलेली धमनी नसेल तर दुभाग्यापाशी फळी आहे का तेही आडव्या-उभ्या दोन्ही कापांत पाहा. आपण काय शोधतोय हे सांगितले तर सापडण्याची शक्यता वाढते.

लहानपणापासून तळहात-तळपाय आगीसारखे जळणे, घाम न येणे, मे महिन्यातला उकाडा अजिबात सहन न होणे, लघवीतून प्रथिन जाणे: अशा तरुणात फॅब्री या आनुवंशिक आजाराची रक्ततपासणी करावी. बाईच्या बाबतीत एन्झाइम नॉर्मल येऊनही आजार असू शकतो, म्हणून जनुकाची तपासणी लागते. आईकडच्या नात्यात ठेंगणेपणा, बहिरेपणा, मधुमेह असेल तर मेलास हा आईकडून येणारा आनुवंशिक आजार. आणि बाळंतिणीला आठवडाभर वाढत जाणारी डोकेदुखी आणि मग फिट आली तर तो बहुधा धमनीचा स्ट्रोक नव्हेच, मेंदूच्या शिरेतली गुठळी आहे. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची जुनी पद्धत त्यात भरच घालते. तिथे मेंदूत थोडा रक्तस्राव दिसत असला तरी हेपरिन द्यायचे असते, हे ऐकून नातेवाईक बिचकतात.

एक नाजूक प्रश्न राहतो. किनारपट्टीवरच्या पार्ट्या, कोकेन, ॲम्फेटामाइन, गांजा. हे मी रुग्णाला एकट्याला विचारतो, आई आणि बायको बाहेर असताना, आणि उत्तर फाईलवर लिहिण्याआधी त्याला सांगतो. नाक मोकळे करणाऱ्या गोळ्या, जिमच्या डब्यातल्या पावडरी यांचीही चौकशी करतो. हा तुमच्या भावावरचा संशय नाही, प्रत्येकाला विचारायचा प्रश्न आहे.

इथवरचे थोडक्यात: या आठवड्यात अँजिओग्राफी, तिच्यात काही नसेल तर अन्ननलिकेतला इको आणि पायांचा डॉप्लर, अँटिफॉस्फोलिपिड आता एकदा आणि पॉझिटिव्ह आले तर बारा आठवड्यांनी. ‘कारण कळत नाही तर सुरक्षित म्हणून’ भारी गोळी, हे मात्र नको. अशा अज्ञात कारणाच्या रुग्णांत रिव्हारोक्साबान आणि डॅबिगॅट्रान अ‍ॅस्पिरिनपेक्षा सरस ठरतात का हे २०१८ आणि २०१९च्या दोन मोठ्या चाचण्यांत पाहिले गेले. फायदा दिसला नाही, आणि रिव्हारोक्साबानने रक्तस्राव वाढला. स्टॅटिन कायमचे हवे की नाही हे कारण ठरल्यावर ठरेल. आत्ता दोन्ही गोळ्या स्वतःहून बंद करू नका. आईने देवळात कौल लावला असेल तर त्यालाही माझी हरकत नाही, गोळ्या चुकल्या नाहीत म्हणजे झाले.

मुंबईचे विचाराल तर या टप्प्यावर गरज नाही. अँजिओग्राफी गोव्यात होते. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्यूरोलॉजीच्या ओपीडीत जा, दीनदयाळ कार्ड (सरकारी आरोग्य योजनेचे) सोबत ठेवा, आणि आधीच्या एमआरआयची सीडी मागून घ्या, फिल्मवर सगळी चित्रे नसतात. चिठ्ठीवर ‘डाव्या मानेत दुखणे, डावी पापणी उतरलेली, कॅरोटिड डिसेक्शनची शंका’ (डिसेक्शन म्हणजे धमनी फाटणे) एवढे लिहून घेतलेत तर तपासणीची निकड समोरच्याला लगेच कळेल. वेबची शस्त्रक्रिया किंवा दुर्मीळ आजाराचे औषध अशी काही गरज निघाली, तर बाहेर कुठे जायचे ते तेव्हा पाहू.

तोवर त्याने जड वजन उचलू नये, मान मोडून घेऊ नये, हेडर मारू नये. चालणे, बोलण्याचा आणि हाताचा व्यायाम रोज. दुचाकी इतक्यात नको. बोलणे पुन्हा अडखळले, हात लुळा पडला, दृष्टी गेली किंवा पूर्वी कधी झाली नव्हती इतकी डोकेदुखी झाली तर घरगुती उपायात वेळ न घालवता १०८ला फोन करा आणि तो शेवटचा व्यवस्थित कधी होता ती वेळ कागदावर लिहा. गुठळी विरघळवायचे इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि इतक्यातच स्ट्रोक होऊन गेला असल्याने ते त्याला देता येईल की नाही हे तिथले डॉक्टर ठरवतील. मोठ्या धमनीतली गुठळी तारेने काढायची मुदत काही रुग्णांत चोवीस तासांपर्यंत असते. म्हणून आधीची फाईल आणि गोळ्यांची यादी हॉलमध्ये सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवा.

अँजिओग्राफीचा रिपोर्ट आला की इथेच लिहा. नाव आणि नोंदणी क्रमांक झाकून चित्रे टाकलीत तर मी पाहीन.